गाठ मारलेला सदरा

विल्मामावशीचे हात एकदा बघितले की विसरायचे नाहीत. लाल, सुजलेले, पेरापेरावर भेगा. लग्नाची अंगठी कधीचीच बोटात चढेनाशी झाली होती, म्हणून ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेली. बाईचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे घामट कपडे धुण्यात गेलं. आमच्या गावच्या हॉकीच्या हॉलमागे, जिथे बर्फ गोठवणारी यंत्रं अखंड घुरघुरत असतात, तिथे एक बिनखिडकीची खोली आहे. दोन धुलाईयंत्रं, एक दगडी हौद, छताखाली ताणलेल्या दोऱ्या, आणि ऐन थंडीत भिंतीला आतून धरणारं हिव. ते तिचं राज्य. क्लबचा अध्यक्ष असला तरी आत यायचं तर बूट झाडून यायचं.

"हा काय गोठा वाटला तुम्हाला?" ती त्यालाही ऐकवायची. "घरी बायको खपवून घेत असेल. मी नाही घेणार."

आमचं गाव हार्गिता डोंगराच्या पायथ्याशी. पोर उभं राहायला लागलं की त्याच्या पायाला स्केट्स बांधायचे आणि तळ्यावर सोडून द्यायचं. पडलं तर पडलं, उठेल आपलं आपण. हॉकी हा आमच्याकडे खेळ नाही, आजार आहे, आणि विल्माला तो सासरी आल्यावर जडला. नवरा दोमोकोश गावाच्या संघात बचावाला उभा असायचा. पुढचे दोन दात खेळातल्या कडक रबरी चकतीने नेले, एक गुडघा कुणाच्या तरी काठीने नेला, तरी हा हसून म्हणायचा, "उरलेला माणूस तुझाच." खेळ सुटल्यावर तो हॉलमध्ये बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवायला लागला, आणि त्याच्या ओळखीने विल्मा धुलाईच्या खोलीत आली.

एकच मुलगा, आरोन. संध्याकाळी पोरं तळ्यावर खेळत असायची. जेवण तयार झालं की दोमोकोश अंगणात यायचा, दोन बोटं तोंडात घालायचा आणि अशी शिट्टी मारायचा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागायची. ती ऐकली की आरोन चकती तिथेच टाकून घराकडे सुटायचा. उशीर झाला तर बाप त्याच्या वाटणीचं मांस खाऊन टाकायचा आणि वर मिटक्या मारून दाखवायचा. मग पोरगं चिडायचं, बाप हसायचा, आणि विल्मा लपवून ठेवलेला तुकडा हळूच त्याच्या ताटात सरकवायची. सुखाचे दिवस होते हो ते, खोटं कशाला बोलू.

पुढे सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या क्लबांनी मिळून एक लीग काढली. पलीकडचा देश वेगळा, पण बोली एकच, गाणी एकच, शिव्यासुद्धा त्याच. फक्त ते जरा नाकातून बोलतात. आमच्याकडे येताना पाहुण्या संघाचा अख्खा दिवस बसमध्ये जायचा, शिवाय सीमेवर रखडायचं ते वेगळंच. एवढं आलोच आहोत तर एका सामन्यावर कशाला परतायचं, म्हणून शनिवारी एक आणि रविवारी एक असे दोन सामने लागोपाठ व्हायचे. आता शनिवारचे ओले कपडे रविवारपर्यंत धुणार कोण? यजमानांची धोबीण. आमचा संघ तिकडे गेला की तिकडची बाई आमचे धुवायची. पहिल्या वर्षापासूनचा रिवाज.

आणि त्या रिवाजात आणखी एक रिवाज होता. खेळाडू मोठे धास्तावलेले असतात बघा. सामना जिंकला, गोल मारला, की अंगालगतचा लांब बाह्यांचा सदरा धुवायचा नाही. धुतला की नशीब धुऊन निघतं. असा सदरा पिशवीत टाकताना त्याच्या दोन्ही बाह्यांची गाठ मारायची. गाठ दिसली की धोबिणीने पाण्याला लावायचा नाही, गाठही सोडायची नाही. आमच्या खोलीत गरम हवेचा झोत धुतलेल्या कपड्यांनाच पुरायचा, आणि ओल इतकी की न धुतलेलं कापड सकाळपर्यंत कडक व्हायचं. म्हणून गाठीचे सदरे विल्मा टोपलीत घालून स्वतःच्या घरी न्यायची, घर तापवणाऱ्या मोठ्या शेगडीभोवतीच्या दांड्यावर वाळवायची, आणि सामन्याआधी ज्याचा त्याच्या खुंटीवर आपल्या हाताने टांगून यायची. एवढ्या वर्षांत तिने कधी कुणाची गाठ सोडली नाही. त्याचा तिला अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

आरोन मिसरूड फुटायच्या आत गावाच्या संघात आला. बापासारखा आडदांड नव्हता, पण पायात वारा होता. दोन-तीन हिवाळे खेळला नाही तोच पलीकडच्या निळ्या सदऱ्यांच्या संघाने, आम्ही त्यांना निळेच म्हणायचो, त्याला बोलावलं. चांगला पगार, मोठा हॉल, मोडलेलं हाड नीट बसवणारे डॉक्टर. विल्माने रडत रडत त्याची बॅग भरली. दोमोकोश बाहेरच्या खोलीच्या दारात पाइप ओढत बसला होता.

"जा," तो म्हणाला. "पण तो निळा सदरा घालून माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. सांगून ठेवतो."

"मग सदऱ्यासकट बाहेरच राहीन," आरोन म्हणाला. नाक बापाचं, हट्टही बापाचाच.

रागातलं बोलणं होतं ते. चार दिवसांत विरलं असतं. पण कुठे माशी शिंकायची असते, ती शिंकतेच. पहिल्याच हिवाळ्यात निळे आमच्याकडे खेळायला आले आणि शेवटच्या क्षणी आरोनने आमच्यावर गोल मारला. आमचे लोक खवळले. अख्खा हॉल शिट्ट्या मारायला लागला. दोमोकोश बर्फाच्या दारापाशी आपल्या गाडीवर बसला होता. त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि तोही शिट्टी मारता झाला. तळ्यावरून जेवायला बोलवायची तीच ती शिट्टी. विल्मा बोळाच्या तोंडाशी उभी होती. एवढ्या गोंगाटात आरोनने मान वर केली, बरोब्बर बापाकडे बघितलं, आणि मग खाली घातली.

त्या संध्याकाळी निळ्यांच्या पिशवीत त्याच्या सदऱ्याला गाठ होती. जिंकला होता, गोल मारला होता, गाठ असणारच. विल्माने तो टोपलीत सर्वांत खाली घातला, वर पंचा टाकला आणि चोरीचा माल असल्यासारखा घरी आणला. दांड्यावर टांगताना तिचा जीव टांगणीला लागला होता. दोमोकोशने बघितलं. निळा रंग, कॉलरवर मुलाचा आकडा.

"शेगडीच्या इतका जवळ नको टांगूस," म्हणाला. "करपेल."

पहाटे ती उठली तर हा शेगडीपाशी उभा. तोंडात पाइप, आणि सदरा हळूच दांड्यावरून काढून उलटून टांगत होता. तिच्या पावलांचा आवाज ऐकून दचकला.

"एका बाजूनेच तापत होता," म्हणाला. "आणि हे बघ, पोराला यातलं अक्षर सांगशील तर याद राख. माझी शपथ आहे तुला."

"अहो, मग बोलवा ना त्याला घरी."

"दार काय मी खिळे ठोकून बंद केलंय? यायचं तर येईल."

असे हे दोन एडके. मधल्या मधे आईचा चेंदा. आरोन वाढदिवसाला आणि नाताळला फोन करायचा. 'बरी आहेस ना? मी बरा आहे. थंडी आहे का?' झालं. एकदा ती त्याच्याकडे जाऊनही आली. त्याने तिला चांगल्या हॉटेलात जेवायला घातलं, पूल दाखवले, गाडीत बसवून दिलं. सगळं रीतसर. पण तिथे ती पाहुणी होती. तिला पाहुणचार नको होता, तिला आपल्या टेबलाशी बसलेला, तोंडात घास कोंबून बोलणारा मुलगा हवा होता.

दर हिवाळ्यात निळे दोनदा यायचे, आणि दर वेळी पिशवीत आरोनच्या सदऱ्याला गाठ असायची. पुढच्या वर्षी निळे सपाटून हरले, तरी गाठ. एकदा आरोनला अर्ध्या सामन्यातून बाहेर काढलं, तरी गाठ. तेव्हा विल्माच्या मनात पाल चुकचुकली. हरल्यावर कसलं आलंय नशीब? ही गाठ नशिबासाठी नाही, ही माझ्यासाठी आहे. बापाने शिट्टी मारली तेव्हा मी बोळात गप्प उभी राहिले, त्याची ही शिक्षा. आईचा हात कपड्यालासुद्धा लागायला नको आहे त्याला. हे तिने कुणाला सांगितलं नाही. गाठीचा सदरा घरी न्यायचा, टांगायचा, पहाटे दोमोकोश तो उलटतो ते झोपल्याचं सोंग घेऊन बघायचं, आणि रविवारी जसाच्या तसा खुंटीवर लावून यायचा.

मग एका वसंतात दोमोकोश गेला. छातीचं दुखणं. आरोन मातीला आला, मूठभर माती टाकली, आईला धरून फाटकापर्यंत आणलं. आत जेवायला बसलेली माणसं, पालिंका दारूचे प्याले, गोड पाव, सगळं खिडकीतून दिसत होतं. तो फाटकात थबकला.

"पुढच्या वेळी, आई," म्हणाला, आणि गेला.

आणि मग हिवाळा सुरू व्हायच्या तोंडावर बातमी आली की लीग बंद होणार. हे शेवटचं वर्ष. पलीकडच्या क्लबांना पश्चिमेकडच्या मोठ्या लीगमध्ये जायचं होतं, त्यांना आमचा बर्फाचा रस्ता आणि सीमेवरचं ताटकळणं नकोसं झालं होतं. गावात लोकांनी शिव्या घातल्या, कुणी रडलं, कुणी प्यायलं. विल्माच्या डोक्यात मात्र एकच. तो म्हणाला होता पुढच्या वेळी. आता पुढची वेळ येणार कुठून? निळ्यांची बस या गावात आणखी दोनदा येईल, मग कधीच नाही.

पहिल्या खेपेला ते आले आणि गेले. आरोनचा सदरा गाठीसकट आला, गाठीसकट गेला. तेर्का म्हणाली, दुसऱ्या खेपेला येईल बघ घरी. तेर्का म्हणजे हॉलमध्ये चहा आणि चरबी-कांदा लावलेला पाव विकणारी बाई, विल्माची जिवाभावाची आणि तोंडाने तिच्याहून तिखट.

फेब्रुवारीतला तो शेवटचा शनिवार. हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. निळ्यांचा धुव्वा उडाला. सामन्यानंतर त्यांचा सामान सांभाळणारा म्हातारा येनो पिशवी ओढत दारात आला. पहिल्या वर्षापासून तोच यायचा, येताना तिकडच्या लाल मिरचीची पुडी आणायचा, आणि नमस्काराला जुन्या रीतीने 'हात चुंबतो' म्हणायचा.

"हात चुंबतो, विल्माताई! घ्या, शेवटचा घाम. जपून वापरा."

"ठेव तिकडे. आणि बूट झाड."

"शेवटच्या दिवशीसुद्धा?"

"शेवटच्या दिवशी तर आधी. घाण ठेवून जायला ही काय खानावळ आहे?" तिने मिरचीची पुडी घेतली आणि जरा वेळ हातात तशीच धरली. "येनो, त्याला सांगशील? उद्या सामना झाला की घरी जेवायला ये म्हणावं. कोबी भरते आहे."

येनोच्या तोंडावरचं हसू मावळलं. त्याला सगळं ठाऊक होतं.

"सांगतो. बस जरा उशिराच काढायला लावतो. तोवर ताट चाटूनपुसून होईल."

"तू नुसतं सांग. ताटाचं मी बघते."

तो गेल्यावर तिने पिशवी उपडी केली. एवढ्या मोठ्या हारीनंतर गाठ कोण मारणार? सगळे सदरे मोकळे होते. फक्त एकाला गाठ होती.

तेर्का चहा घेऊन आली तेव्हा विल्मा तो सदरा मांडीवर घेऊन बसली होती.

"काय गं, भूत बघितलंस का?" तेर्काने विचारलं, मग कॉलरवरचा आकडा बघितला. "परत? हा मुलगा आहे की खेचर?"

"बापावर गेलाय."

"बाप गेला, आता लीगही चालली. शेवटच्या खेपेला तरी आईच्या हाताला लावू द्यायचं होतं मेल्याने."

तेर्का सहज बोलली, पण ते विल्माच्या वर्मी लागलं. इतक्या वर्षांचं सगळं एकदम उसळून आलं. ती उठली आणि गाठीत नखं घातली.

"विल्मा! अगं, गाठ आहे ती!"

"माझ्या पोराची आहे."

"पोराची असली म्हणून काय झालं? कुणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही तुला."

"उद्यानंतर दाखवायचंय कुणाला?" विल्मा म्हणाली. ओली गाठ सुटेना, तर तिने दात लावले. सुटली. काखेत सदरा उसवलेला होता आणि कुणीतरी, म्हणजे त्यानेच, जाड दोऱ्याने वेडेवाकडे टाके घातले होते. "हे शिवणं आहे का हे? बघ गं, पोत्याला घालतात तसे!" ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि तेर्काने चहा खाली ठेवून तिची पाठ चोळली.

तिने तो सदरा यंत्रात टाकला नाही. दगडी हौदात, ऊन पाण्यात, साबणाने हाताने धुतला. कॉलर, बाह्या, काखा, लहानपणी त्याला न्हाऊ घालायची तशी निगुतीने. गरम हवेच्या झोताखाली वाळवला, जुने टाके काढून बारीक टाके घातले, इस्त्री केली. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा रिकामी टोपली घेऊन घरी गेली. शेगडीचा दांडा मोकळाच राहिला. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती गाणं गुणगुणत कोबीची पानं उकडत होती.

रविवारी दुपारी तिने सदरा त्याच्या खुंटीवर लावला आणि बोळात थांबली. दार अर्धवट उघडं होतं. आरोन आला, त्याने सदरा घेतला. गाठ नाही हे बघून त्याचे हात थांबले. मग त्याने तो तोंडाशी नेला आणि वास घेतला. आणि त्याचा चेहरा पडला तशी विल्मा दाराआड सरकली. अगं बाई, नशिबाचंच होतं की काय ते? मी त्याचं नशीब धुतलं? त्याने सदरा अंगात घातला, वर जर्सी चढवली आणि कुणाशी न बोलता बर्फावर गेला.

सामना बरोबरीने चालला होता. शेवटाकडे आरोनला मोकळा गोल मिळाला आणि त्याने मारलेली चकती खांबावर आपटली. उलट आमच्याच कुणीतरी गोल मारला, आम्ही जिंकलो, आणि कुणाला आनंद झाला नाही. आमच्याकडे सामना संपला की हॉल उभा राहून आपलं गाणं म्हणतो. त्या दिवशी निळेही टोप काढून रांगेत उभे राहिले, आणि गाणं संपलं तरी लोक हलेनात. म्हातारे बाप्ये खांदे हलवून रडत होते. विल्मा मात्र धुलाईच्या खोलीत जाऊन हौदाच्या कडेला बसली.

दार वाजलं. तिच्या तोंडून सवयीने निघालं, "बूट झाड—"

आरोन मोज्यांवरच होता. अंगात तोच सदरा, घामाने काळा झालेला, गळ्यात पंचा. इतक्या वर्षांत तो या खोलीत कधी आला नव्हता.

"का धुतलास, आई?"

रागावलेला नव्हता. तेच तिला सहन झालं नाही.

"फाटला होता म्हणून. आणि आईने मुलाचा कपडा धुवायला परवानगी काढायची का? जिंकलास तरी गाठ, हरलास तरी गाठ. मला काय कळत नाही? माझा हात लागायला नको म्हणून मारायचास."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"तुझा हात लागायला नको म्हणून?"

"मग कशाला?"

"धुतलेले कपडे इथे वाळतात, आई. गाठीचे तू घरी नेतेस."

विल्माने छताखालच्या दोऱ्यांकडे बघितलं.

"बाबा म्हणाले होते ना, तो सदरा घालून उंबऱ्याच्या आत यायचं नाही. मला येता येत नव्हतं, म्हणून सदरा पाठवायचो. तेवढा तरी एक रात्र घरी राहायचा. रविवारी घालताना त्याला घराचा वास यायचा. लाकडाचा धूर. तू पाव भाजलेला असायचास त्याचा. बाबांच्या तंबाखूचा. डोक्यावरून ओढताना मी जरा वेळ आतच थांबायचो. पोरं चिडवायची, आरोन सदऱ्यात शिरून प्रार्थना करतो म्हणून." तो हसायला गेला, ते काही जमलं नाही. "या हिवाळ्यात तंबाखू नव्हता. म्हटलं, धूर आहे, पाव आहे, निदान तेवढं. आज नुसता साबण."

"अगं आई गं," विल्मा म्हणाली. "काय केलं मी हे. शेवटच्या दिवशी."

"तुला कुठे माहीत होतं?"

"तू सांगायचंस ना रे!"

"फोनवर काय सांगू? की माझा सदरा हुंगतो?"

तिने पदराने, म्हणजे कमरेच्या त्या ओल्या फडक्याने, तोंड पुसलं. मग तिला आठवलं की आपल्याकडेही एक गोष्ट आहे.

"तंबाखूचा वास का यायचा, ठाऊक आहे तुला?" ती म्हणाली. "तो पाइप ओढायचा बाहेरच्या खोलीत. शेगडीपाशी मी ओढू द्यायची नाही, पुढे पुढे तर मुळीच नाही, छाती भरायची त्याची. पण तुझा सदरा घरात असला की पहाटे उठून तिथे जाऊन उभा राहायचा. सदरा उलटायचा, परत सुलटायचा. एका बाजूने करपेल म्हणून. दर वेळी. शेवटी शेवटी धाप लागायची, दांड्याला धरून उभा राहायचा, तरी उलटायचाच."

आरोनचा खालचा ओठ लहानपणी थरथरायचा तसा थरथरला.

"तू कधी बोलली नाहीस."

"शपथ घातली होती त्याने."

"गेल्यावर तरी?"

"गेल्यावर म्हटलं, तू घरी येशील तेव्हा शेगडीपाशी उभा करून सांगेन. तू फाटकातून परत गेलास."

बाहेर बसने भोंगा वाजवला. विल्मा ताडकन उठली.

"चल. आत्ता चल. बस थांबेल, येनोला मी सांगितलंय. कोबी तयार आहे. दहा घास खा आणि जा."

"बसचं नाही गं, आई." त्याने भिंतीवरच्या हिवाकडे बघत सांगितलं. "उंबरा ओलांडून आत गेलो आणि ते शेगडीपाशी नसले, तर मग ते खरंच नाहीत. मला अजून जमत नाही. आज तर मुळीच नाही, हे ऐकल्यावर."

तिला ओरडावंसं वाटलं, तुला जमत नाही, मग मला कसं जमतंय रोज? त्या घरात एकटीने? पण ती ओरडली नाही. त्याने गळ्यातला पंचा बाजूला ठेवला, सदरा अंगातून काढला, दोन्ही बाह्या एकत्र घेतल्या आणि गच्च गाठ मारली. तो ओला गोळा त्याने तिच्या त्या लाल, भेगाळलेल्या हातांत ठेवला आणि हातांसकट घट्ट धरला.

"घरी ने," म्हणाला.

"आणि तू काय उघडा जाणार? निमोनिया होईल, मूर्खा!" तिने दोरीवरचा कोरडा पंचा ओढून त्याच्या खांद्यांवर टाकला, गळ्याशी नीट आवळला, पाचव्या-सहाव्या वर्षी आवळायची तसा. बसने पुन्हा भोंगा दिला. तो गेला. तिने दारापर्यंत जाऊन बघितलं नाही, कारण हातातला सदरा ठेवायला कोरडी जागा नव्हती.

कोबी दुसऱ्या दिवशी तिने आणि तेर्काने खाल्ला. तेर्का म्हणाली, मीठ जास्त पडलंय. दोघींनी तरी पातेलं संपवलं.

याला आता एक हिवाळा होऊन गेला. निळ्यांची बस आली नाही, येणारही नाही. पाहुण्यांच्या खोलीला कुलूप आहे. विल्मामावशी अजून आमच्या संघाचे कपडे धुते, पण गाठी मारणारी पोरं कमी झाली, नशीब वगैरे ती मानत नाहीत. आरोन फोन करतो, पूर्वीपेक्षा जास्त वेळ बोलतो. आला मात्र नाही.

"पाठव ना पोस्टाने तो सदरा," तेर्का एकदा म्हणाली. "किती दिवस टांगून ठेवणार?"

"गाठीचा सदरा पोस्टाने जात नाही," विल्मा म्हणाली. "ज्याचा त्याच्या हाती द्यायचा."

सदरा शेगडीच्या दांड्यावर आहे, गाठीसकट. वाळून केव्हाच खडखडीत झाला. तरी ती रोज पहाटे उठते, शेगडीपाशी जाते आणि तो उलटून टांगते. एका बाजूनेच तापला तर करपेल.